राखीव पंप



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण इथे पनवेलमध्ये जमतो ते आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत राहिले. त्यामुळे ‘तुमच्या कामातलं काही सांगा’ असं संयोजकांनी म्हटल्यावर मला फार शोधाशोध करावी लागली नाही. माझी नोकरी चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यातल्या भूमिगत कोळसा खाणींत झाली आणि तिचा मोठा भाग पाणी उपसण्यात गेला. आज त्या पंपांविषयी बोलणार आहे. रायगड जिल्ह्यात कोळशाची खाण नाही, हे खरंच. पण हा विषय पनवेलच्या दाराशी येऊन ठेपलेला आहे. तो कसा, ते शेवटी सांगेन आणि तिथे मला तुमच्याकडून एक काम करून हवं आहे.

आधी जमिनीखाली जाऊ. वर्धा खोऱ्यातला कोळसा बराकार नावाच्या थरांत आहे आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या डोक्यावर कामठी वालुकाश्म बसलेला आहे. हा दगड सच्छिद्र आणि पाण्याने भरलेला असतो. शेजारून वर्धा, इरई, पैनगंगा वाहतात. खालचा कोळसा निघाला की वरचा थर वाकतो, त्याला भेगा पडतात आणि त्या भेगांतून पाणी झिरपू लागतं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, गावातल्या विहिरी तळ दाखवतात आणि त्याच वेळी खाली गॅलरीत, म्हणजे खाणीतल्या बोगद्यात, घोटाभर पाण्यातून चालावं लागतं. अनेक खाणींत एक टन कोळशामागे एक टनाहून जास्त पाणी वर काढावं लागतं. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही, पण आतल्या माणसाचा दिवस त्यावरच चालतो.

खाणीचा उतार ज्या बाजूला, त्या बाजूला हे पाणी धावतं. तिथे, डिपला, एक मोठं टाकं राखलेलं असतं. त्याला संप म्हणतात. कामाच्या जागेवरचे छोटे फेस पंप आपापलं पाणी संपात आणून टाकतात आणि संपावरचा मोठा, अनेक टप्प्यांचा पंप ते शाफ्टमधून, म्हणजे उभ्या विवरातून, किंवा इनक्लाइनमधून, म्हणजे उतरत्या वाटेतून, जमिनीवर फेकतो. ताशी १०० घनमीटर पाणी १०० मीटर वर चढवायचं तर निव्वळ २७ किलोवॉट शक्ती लागते. पंप आणि मोटर यांतली घट धरली की प्रत्यक्षात ४५च्या आसपास. वर्षाचे बारा महिने, तिन्ही पाळ्या. कोळसा काढणं रविवारी थांबवता येतं, पाणी काढणं थांबवता येत नाही.

आता भौतिकशास्त्राचा एक नियम असा आहे की त्याच्यामुळे हा सगळा प्रश्न उभा राहतो. पंप वर जमिनीवर ठेवून पाणी ओढून घेता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण ओढण्याचं काम खरं तर पंप करत नाही, हवेचा दाब करतो. पंप फक्त आपल्या तोंडाशी पोकळी निर्माण करतो. हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर चढवू शकतो आणि व्यवहारात सहा-सात मीटरच्या पुढे कोणी भरवसा ठेवत नाही. म्हणून पंपाला खालीच जावं लागतं, पाण्याच्या अगदी काठाशी. याचा परिणाम असा की पंप ज्या पाण्यापासून खाण वाचवतो तेच पाणी, तो थांबला तर, आधी त्याच्या मोटरीपर्यंत येतं. दुसरं कुठलंही यंत्र बंद पडलं की जिथल्या तिथे पडून राहतं आणि आपली वाट पाहतं. संपावरचा पंप वाट पाहत नाही, तो बुडतो. पाण्यात बुडून चालणारे सबमर्सिबल पंप आल्यापासून ही अडचण बरीच कमी झाली आहे. पण सबमर्सिबल पंप बिघडला तर तो आहे पाण्याखाली, हात कुठे घालणार?

पंपघर म्हणजे गॅलरीचं रुंद केलेलं टोक. भिंतींना चुना, खाली सिमेंटचा ओटा, ओट्यावर रांगेत तीन पंप. रात्रपाळीला तिथे एक पंप खलाशी एकटा असतो. मी नोकरीला लागलो तेव्हा तिथल्या जुन्या खलाशांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. त्यांचं काम पाहण्यासारखं होतं. पंपाचा दांडा जिथे आवरणातून बाहेर येतो तिथे ग्रीस लावलेली डोरी दाबून बसवलेली असते, त्या जागेला ग्लँड म्हणतात. चांगल्या ग्लँडमधून पाण्याचे थेंब सतत पडत राहतात. नव्या इंजिनिअरला ती गळती वाटते, तो पाना घेऊन नट आवळायला जातो. भाऊ हात धरायचे. “थेंब बंद नका करू जी साहेब, दांडा जळून जाईल.” ते थेंब ग्लँडला थंड ठेवतात. ते थांबले की डोरी तापते, करपते आणि दांड्यावरच्या स्लीव्हला चरे पाडते. भाऊ बेअरिंगवर तळहात ठेवायचे आणि मनात मोजायचे, किती वेळ हात टिकतो. मग अ‍ॅमीटर पाहायचे. काटा नेहमीपेक्षा खाली आला तर पाणी कमी जातंय, बहुधा स्ट्रेनरला, म्हणजे पंपाच्या तोंडाच्या जाळीला, गाळ बसलाय. वर गेला तर आत काहीतरी घासतंय. हे सारं ते एका वहीत तासातासाला लिहायचे.

एकदा सगळे आकडे ठीक होते, आवाज ठीक होता, तरी संपाची पातळी उतरत नव्हती. भाऊ म्हणाले, “पंप फिरून राहिला जी, पण फेकून नाही राहिला.” खोलून पाहिलं तर इंपेलरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या चाकाच्या, कडेच्या रिंगा वाळूने झिजलेल्या. वर फेकलेलं पाणी त्या फटीतून आतल्या आत परत येत होतं. खाणीचं पाणी गाळाचं असतं, कोळशातल्या गंधकाच्या खनिजांमुळे पुष्कळदा आम्लधर्मी असतं, ते लोखंड खातं. मोटर फिरत राहते, दिवा हिरवा राहतो, वरच्या ऑफिसच्या रजिस्टरात ‘चालू’ असं लिहिलं जातं. पंपाच्या बिघाडांपैकी मला सगळ्यांत घातक वाटतो तो हा, कारण यात काहीही बंद पडत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की पंप किती तास चालला हे विचारू नका, त्याने किती पाणी टाकलं हे मोजा. त्याला महागडं मीटर लागत नाही. डिलिव्हरीखाली ठरलेल्या मापाची टाकी आणि हातातलं घड्याळ पुरतं.

पण रोज चालणाऱ्या पंपाचे गुणदोष निदान आपल्याला कळत असतात. माझ्या अनुभवात पंपघर संकटात आलं ते चालू पंप बंद पडला म्हणून फारसं नाही. चालू पंप कधी ना कधी बंद पडणारच, ते गृहीतच असतं. संकट येतं ते त्या क्षणी राखीव पंपाचं बटण दाबलं जातं आणि तो उठत नाही तेव्हा. पंपांच्या भरवशाविषयी मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकी सारा त्याचा विस्तार.

राखीव पंप का उठत नाही? तो नवा असतो, कमी वापरलेला असतो, कागदावर सगळ्यांत चांगल्या स्थितीत असतो. पण खाणीतली हवा दमट. बंद मोटरीच्या वेटोळ्यांत ओल शिरते आणि इन्सुलेशन उतरतं. चालू मोटर स्वतःच्या उष्णतेने कोरडी राहते, बंद मोटरीला ती सोय नाही. ग्लँडची डोरी वाळून कडक होते. सक्शन पाइपाच्या तळाशी असलेल्या फुटव्हॉल्व्हवर गाळ बसतो, तो नीट मिटत नाही, सक्शन पाइपातलं पाणी हळूहळू उतरून जातं आणि प्रायमिंग सुटतं. आणखी एक गोष्ट, जी मला पहिल्यांदा कळली तेव्हा खरी वाटली नव्हती: शेजारचा पंप चालू असतो, त्याचं कंपन ओट्यातून येत राहतं आणि न फिरणाऱ्या बेअरिंगमधल्या गोळ्या एकाच जागी थरथरत राहून तिथे खळगे पाडतात. म्हणजे पंप उभ्या जागी झिजतो. शिवाय माणसाचाही वाटा असतोच. चालू पंपाचा कपलिंग बोल्ट तुटला, स्टोअरमध्ये नाही, मग राखीव पंपाचा काढून लावला. ‘उद्या आणून बसवू.’

यावर सोपा उपाय सांगतात की तिन्ही पंप पाळीपाळीने सारखे तास चालवा. मी त्याच्या विरोधात आहे. सारखे चालवले की सारखे झिजतात आणि तिघांचं आयुष्य एकाच महिन्यात संपतं. एकाने मुख्य भार घ्यावा. दुसऱ्याला आठवड्यातून एक दिवस पूर्ण भारावर, डिलिव्हरी व्हॉल्व्ह उघडून, पाणी वर पोचेपर्यंत चालवावं. तिसऱ्याला पंधरवड्यातून. दोन मिनिटं फिरवून बंद करणं म्हणजे चाचणी नव्हे.

आता थोडं गणित, कारण इथे भले भले इंजिनिअर फसतात. समजा प्रत्येक पंप दहापैकी नऊ वेळा तयार असतो. मग तिन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता एक दशांश गुणिले एक दशांश गुणिले एक दशांश, म्हणजे हजारात एक. फार छान आकडा, टेंडरच्या कागदावर शोभतो. पण हा गुणाकार तेव्हाच खरा, जेव्हा तिघांच्या बिघाडांचा एकमेकांशी संबंध नसतो. तिन्ही पंप एकाच केबलवर असतील आणि ती केबल शंभरात एकदा जात असेल, तर तिथे दहा पंप बसवले तरी सगळं बंद पडण्याची शक्यता शंभरात एकाच्या खाली येत नाही. एकच संप, एकच गाळ, एकच ओटा, एकच पाइप, एकच माणूस. पाणी चढलं की ते तिन्ही मोटरींपर्यंत एकाच वेळी पोचतं. म्हणून चौथा पंप विकत घेण्याआधी दुसरी केबल दुसऱ्या वाटेने आणा, एखादी मोटर दोन मीटर उंच ओट्यावर बसवा. आणि संप साफ करा. ताशी १०० घनमीटर पाणी येतंय आणि संपात ८०० घनमीटर मावतंय, तर सगळं बंद पडलं तरी हातात आठ तास आहेत. तोच संप गाळाने अर्धा भरला की चार. पंपाच्या भरवशातला हा सगळ्यांत स्वस्त भाग, आणि सगळ्यांत आधी विसरला जाणारा.

एकाच जागी सगळं अवलंबून असणं किती महाग पडतं याचं सगळ्यांत भयंकर उदाहरण इंग्लंडमधल्या हार्टली कोळसा खाणीचं. १६ जानेवारी १८६२. खाणीला शाफ्ट एकच. त्याच्या तोंडावर वाफेचं पंपिंग इंजिन आणि त्याची ओतीव लोखंडाची, सुमारे ४२ टनांची तुळई. खाली पाणी फार म्हणून इंजिन मोठं. ती तुळई मधोमध मोडली आणि तिचा अर्धा भाग शाफ्टमध्ये कोसळला. शाफ्टचं अस्तर, लाकूड, दगड घेऊन तो खाली गेला आणि एकमेव वाट बुजली. २०४ माणसं आणि मुलगे गेले. खाण वाचवण्यासाठी बसवलेल्या पंपानेच ती बंद केली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये खाणीला दोन स्वतंत्र वाटा असल्याच पाहिजेत असा कायदा झाला.

पंपाची मर्यादाही सांगितली पाहिजे. आपल्या देशातल्या पाण्याच्या मोठ्या खाण दुर्घटनांच्या तारखा पाहा. धनबादजवळची चासनाला, २७ डिसेंबर १९७५, सुमारे पावणेचारशे कामगार. ‘काला पत्थर’ हा चित्रपट त्यावरून सुचला. राणीगंजची महावीर खाण, १३ नोव्हेंबर १९८९, जिथे सहा जण गेले आणि जसवंतसिंग गिल यांनी पोलादी कॅप्सूल बोअरमधून खाली नेऊन ६५ जणांना वर काढलं. बागडिगी, २ फेब्रुवारी २००१, २९ जण. मेघालयातली क्सान, १३ डिसेंबर २०१८, १५ जण. डिसेंबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी, डिसेंबर. पाऊस कुठेच नाही. १९९५च्या सप्टेंबरअखेर कतरी नदीच्या पुराने गासलीटांड खाणीत ६४ कामगार गेले ती घटना पावसाची. पण चासनाला आणि बागडिगीसारख्या घटनांत मारणारं पाणी आभाळातून आलेलं नव्हतं. ते शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या कामांत साठलेलं होतं आणि मधली भिंत फुटून आलं. अशा लोंढ्यापुढे जगातला कुठलाही पंप उभा राहत नाही. त्यावर उपाय पंप नव्हे, नकाशा. पाणी भरलेल्या जुन्या कामांच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही आणि पुढे बोअर मारून चाचपतच जायचं, असा नियम आपल्याकडे १९५७च्या कोळसा खाण विनियमांतही होता. पंप रोजच्या झिरपणाऱ्या पाण्यासाठी आहे. अनोळखी पाणी आलं की तो शर्यत हरलेलाच असतो.

क्सानमध्ये तेही दिसलं. दूरदूरहून पंप आले. कोल इंडियाचे आले, आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचेही आले. उपसा चालू झाला आणि पातळी उतरेना, कारण शेजारच्या सोडलेल्या खाणी आतून जोडलेल्या होत्या, एकीतलं काढलं की दुसरीतलं यायचं. शिवाय असे पंप जंगलातल्या कच्च्या रस्त्याने न्यायचे, त्यांच्यासाठी पाया, वीज, पाइप उभे करायचे, यात दिवस जातात. संकट आल्यावर मागवलेला पंप हा राखीव पंप नसतो.

त्याच वर्षी, सहा महिने आधी, थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले होते. तिथेही किर्लोस्करांचे तज्ज्ञ उपशासाठी सल्ला द्यायला गेले होते. मुलांना पाणबुड्यांनी बाहेर काढलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी दिवसरात्र चाललेल्या उपशाने गुहेतलं पाणी उतरवलं होतं म्हणून ती वाट शक्य झाली, हे कमी सांगितलं जातं. आणि त्याहून कमी सांगितली जाते ती १० जुलैची घटना. शेवटचा मुलगा बाहेर निघाला. आत त्यांच्या सोबतीला राहिलेले डॉक्टर आणि नौदलाचे तीन जवान बाहेर येत होते, वाटेवर कित्येक कामगार होते, आणि त्या वेळी मुख्य पंप बंद पडला. पाणी वेगाने चढू लागलं, माणसं हातातलं सामान टाकून तोंडाकडे धावली. सगळे वाचले. तो पंप काही तास आधी थांबला असता तर आपण आज त्या घटनेविषयी वेगळं बोललो असतो.

हा भरवसा वाढवायचा कसा? इतिहासात एक उपाय उत्तम चालला आणि तो यंत्रातला नव्हता. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये कथील-तांब्याच्या खोल खाणी होत्या, प्रत्येकीवर वाफेचं पंपिंग इंजिन. प्रत्येक इंजिनिअर आपलंच इंजिन श्रेष्ठ म्हणायचा. १८११मध्ये जोएल लीन यांनी दर महिन्याला तिथल्या इंजिनांचं काम मोजून छापायला सुरुवात केली: कुठल्या खाणीच्या इंजिनाने ठरावीक कोळशात किती पाणी किती उंच चढवलं. नावासकट. तीस वर्षांच्या आत त्या इंजिनांचं सरासरी काम दुपटीहून जास्त झालं. मोजलेलं सर्वांना दिसू लागलं, त्यामुळे सुधारणा एका खाणीतून दुसरीत गेली आणि ढिलाई लपवायला जागा उरली नाही.

आणि आता पनवेल. खाडीकाठच्या सखल जमिनीवर नवी मुंबई वसवताना सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. कळंबोलीसारखी वसाहत भरतीच्या पातळीहून खाली आहे. भरती आली की खाडीकडचे झडपेचे दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, तेवढा वेळ पावसाचं पाणी तलावात साठायचं आणि ओहोटीला दरवाजे उघडून निघून जायचं. अतिशय विचारपूर्वक केलेली योजना आहे. पण खाणीच्या भाषेत हा संप आहे, आणि तो गाळाने, खारफुटीने भरला की हातातले तास कमी होतात. मग भार येतो पाणी उपसणाऱ्या पंपांवर. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, ते असायलाच हवं. त्यामुळे गाळ काढायला न्यायालयाची परवानगी लागते आणि तो प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळतो. तोवर पंपांचा भरवसा हाच कळंबोलीचा भरवसा.

आणि हे पंप खाणीतल्या पंपांहून अवघड नशिबाचे आहेत. खाणीतला पंप बारा महिने चालतो. हे पंप पावसाळ्याचे चार महिने सोडले तर पडून असतात, म्हणजे सगळेच्या सगळे राखीव. वर मी सांगितलेली ओल, वाळलेली डोरी, खळगे पडलेली बेअरिंग, काढून नेलेला बोल्ट, हे सारं त्यांना लागू. शिवाय बिघाडांचा संबंध इथे सर्वांत घट्ट. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मोठ्या भागांत वीज नव्हती. ज्या तासाला पंप हवा, त्याच तासाला वीज जाण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. डिझेल पंप असेल तर त्याच्यापर्यंत डिझेल नेणारा रस्ताही त्याच पाण्याखाली.

म्हणून माझी मागणी कॉर्नवॉलची आहे. तुमच्यापैकी जे कळंबोलीत, कामोठ्यात, खांदा कॉलनीत, नव्या पनवेलमध्ये राहतात, त्यांनी आपल्या प्रभागाच्या पंपांविषयी महापालिकेकडे आणि सिडकोकडे लेखी विचारावं, आणि दर वर्षी १५ मेच्या आत त्याचं उत्तर पंपघराच्या दारावर आणि वर्तमानपत्रात लागावं असा आग्रह धरावा. किती पंप आहेत हे विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी चांगलंच येतं. हा पंप पूर्ण भारावर शेवटचा कधी चालवला, आणि किती वेळ? तेव्हा मोजून ताशी किती पाणी पडलं? वीज गेली तर दुसरी कुठून येणार, आणि ती वाट पहिलीपासून वेगळी आहे का? मोटरीचा ओटा २००५च्या पुराच्या खुणेपासून किती वर आहे? खाणीच्या प्रत्येक तोंडाला आपल्या नियमांनी सर्वांत मोठ्या पुराच्या वर दीड मीटरची उंची ठरवून दिली आहे, तेवढी इथे का नसावी? तलावाची खोली या वर्षी कुठे कुठे मोजली? रात्री दोन वाजता पंपावर कोण असणार, आणि त्याच्याकडे स्ट्रेनर साफ करायचं दाताळं, विजेरी आणि कोरडी जागा आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर घेऊ नका. मे महिन्यातल्या एखाद्या रात्री स्वतः जाऊन पाहून या, आणि त्याला पंप चालू करून दाखवायला सांगा.